अध्यक्षांच्या डोक्यावरचा पक्षी

पक्षी पाहण्यासाठी पक्ष्याची गरज असते, हा एक प्राथमिक गैरसमज आहे. गरज असते ती शिस्तीची. पक्षी काय, येतात आणि जातात.

आमच्या पक्षीनिरीक्षण मंडळाचे अध्यक्ष म्हणजे माझे सासरे. (मंडळात मी गुणवत्तेवर आलो. लग्न नंतर ठरलं, असं घरात ठरलं आहे.) जन्मभर दंतवैद्यकी केल्यामुळे समोरच्याचं तोंड उघडं असतानाही त्याला बोलू न देण्याची त्यांना हातोटी आहे. तीच त्यांनी नियमावलीत उतरवली. दलदलीच्या काठावर बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, आणि ज्याच्यामुळे पक्षी उडेल त्याचं सदस्यत्व रद्द. गेल्या शरद ऋतूत एका सदस्यांना शिंक आली. ते हल्ली टपाल तिकिटं जमवतात.

किनाऱ्यावर उतरणारे झाडून सगळे पक्षी पाहिलेल्या या माणसाला एकच हुलकावणी देत होता: चिमणीएवढा, चमच्यासारख्या चोचीचा तुतवार. थंडीआधी दक्षिणेला जाताना तो आमच्याकडे घटकाभर टेकतो म्हणे. त्याच्यासाठी सासऱ्यांनी मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा पुढे ढकललं. नेमका त्याच आठवड्यात आला असता तर? यंदा नाही दिसला तर दुर्बीण विकून टाकीन, असं ते जेवताना म्हणाले आणि ताटावरून उठले.

म्हणून यंदा त्यांनी खास टोपी बनवली. खरं गवत, ओला चिखल, कडेला शिंपले. इथे माणूस नसून दलदलच आहे, असं पक्ष्याला वाटावं हा उद्देश. मंडळाने टाळ्या वाजवल्या (आवाज न करता).

रविवारी सकाळी आम्ही सगळे वाळूत पालथे पडलो होतो. तुतवार आला, त्याने दलदल पाहिली, टोपी पाहिली आणि त्यातल्या त्यात बरी म्हणून टोपीवर उतरला.

साऱ्या दुर्बिणी अध्यक्षांकडे वळल्या. पक्षी आपल्या मागे असणार, हे त्यांनी अनुभवाने ओळखलं आणि ते इंचाइंचाने मागे वळले. टोपीबरोबर तोही वळला. कुणी चकार शब्द काढला नाही. खजिनदारांनी फोटो काढून मोबाइल पुढे सरकवला, तो अध्यक्षांनी न बघताच परत केला, कारण फोटोतला पक्षी मंडळ मोजत नाही. माझा जीव तीळ तीळ तुटत होता. पण नियम म्हणजे नियम, आणि मी पडलो जावई.

तेवढ्यात चहाचा थर्मास घेऊन सासूबाई आल्या. त्या सदस्य नाहीत.

“अहो, तुमच्या डोक्यावर बसलाय तो.”

उभ्या संसारात त्यांनी बायकोचं लगेच ऐकलं ते त्या दिवशी. हात डोक्याकडे गेला आणि तुतवार मागच्या मागे समुद्रावर उडाला.

पक्षी उडवल्याबद्दल अध्यक्षांनी स्वतःचं सदस्यत्व रद्द केलं. ठराव स्वतःच मांडला, डोळे पुसले, सही केली. हल्ली संध्याकाळी टोपी समोर घेऊन बसतात आणि तो कुठल्या बाजूला बसला होता ते मला पुन्हा पुन्हा विचारतात. मी दाखवतो.

या प्रकरणातून मंडळाने एक निष्कर्ष काढला आहे. दुर्मिळ पक्षी उतरतो तो मान खाली घालून एका जागी गप्प बसलेल्या माणसावरच. उदाहरणार्थ, वाचत बसलेल्या. मी मघापासून पाहतोय, पण नियमामुळे बोललो नाही. कृपया हलू नका, आणि हात तर मुळीच वर

नेलातच ना?

उडाला. आपलंही सदस्यत्व रद्द.