आठवी बाटली

लातूरच्या डॉक्टरनं दयानंदरावांना सांगितलं, मुतखडा आहे, रोज तांब्याभर सातूचं पाणी प्या. सिंधुबाईंनी सातू उकळले, गाळले आणि तांब्या नवऱ्यापुढे ठेवला. दयानंदरावांनी वास घेतला आणि तांब्या परत सरकवला.

"ही पेज म्हशीला घाल. म्या काय बाळंतीण हाय का?"

"खडा तुमाला झालाय, म्हशीला न्हाई," सिंधुबाई म्हणाल्या.

तांब्या तसाच राहिला, खडाही तसाच राहिला. अशात नाताळच्या सुट्टीला बेंगळुरूहून मुलगा आला, सुदर्शन. त्यानं बापाला आतल्या खोलीत नेलं आणि खोक्यातून आठ बाटल्या काढल्या. प्रत्येकीला उघडून पुन्हा लावता येणारं तारेचं बूच, प्रत्येकीवर आकडा.

"बाबा, आमच्या हापिसातले लोक सुट्टीत असंच करतेत. रोज एक बाटली, रोज येगळी चव. ही कॉफीची, ही मधाची, ही आंब्याची, ही शेवटची गव्हाची. बियरनं खडा पडतो म्हणतेत."

"अरं येड्या, म्या दारूबंदीचा अध्यक्ष हाय!"

"हीबी सातूचीच असती, बाबा."

एवढं बोलून सुदर्शन सासुरवाडीला नांदेडला निघून गेला. दयानंदराव बाटल्यांकडे बघत बसले.

त्यांचं अध्यक्षपद साधंसुधं नव्हतं. ते भाषणाला उभे राहिले की पार चाकूरच्या दुकानातल्या बाटल्या एकमेकींना धरून थरथरतात, असं गावात सांगत. जन्मात त्यांनी थेंब चाखला नव्हता. पण येत्या सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत अध्यक्ष नव्यानं निवडायचा होता, आणि उपाध्यक्ष गुरुपादप्पांनी त्यासाठी नवं जाकीट शिवूनही ठेवलं होतं. दयानंदरावांच्या तोंडाला नुसता वास आला असता, तरी ते जाकीट कपाटाबाहेर यायला वेळ लागला नसता.

त्यांनी खोकं ज्वारीच्या पोत्यांमागं लपवलं. तिथं शेजारी त्यांच्या आईची, सरजाबाईंची बाज होती. वय ब्याऐंशी, गुडघे पार गेलेले. म्हातारी दिवसभर कण्हायची, तिचं पोत्यांकडे कशाला लक्ष जातंय, असा त्यांनी हिशेब केला.

तेवीस डिसेंबरला संध्याकाळी ते पहिली बाटली धोतरात खोचून शेतात गेले. तुरीत बसले, डोळे मिटले, कुलदैवताची माफी मागितली आणि घोट घेतला. आग लागेल असं त्यांना वाटलं होतं. चव मात्र मऊ होती, किंचित खारट, मागून कॉफीचा वास. तरीही अर्धी बाटली संपेपर्यंत तूर गोल फिरायला लागली. बांधावरच्या बकरीला त्यांनी इंग्रजीत नाव विचारलं. बकरीनं सांगितलंही, असं ते पुढे शपथेवर म्हणत.

दुसऱ्या दिवशी मधाची. तिसऱ्या दिवशी आंब्याची. पाचव्या दिवशी कुशीतली कळ थांबली, आणि दयानंदरावांना वाटलं, लेकरू शिकलं ते काही वाया गेलं नाही. घरातही त्या आठवड्यात बरं चाललं होतं. म्हातारीचं कण्हणं बंद झालं होतं. दिवेलागणीला ती चक्क जात्यावरच्या ओव्या म्हणायची, आणि मध्येच आपल्याच ओवीला हसायची.

"थंडी मानवली आईला," दयानंदराव म्हणाले.

"हाव की," सिंधुबाई म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

आठवा दिवस उजाडला तो येळवशीचा. वेळ अमावस्येला त्या भागात गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे शेतात. म्हातारीलाही बैलगाडीत घालून आणलं होतं. दयानंदरावांच्या शेतात कडब्याची खोपटीसारखी कोप उभी राहिली, आत पूजेला पाच दगडांचे पांडव मांडले, आणि कोपीच्या मागच्या अंगाला सावलीत आंबिलीची मातीची बिंदगी ठेवली. ताक, ज्वारीचं पीठ, लसूण घालून आंबवलेली सिंधुबाईंची आंबील प्यायला शेजारच्या चार गावांची माणसं वाट वाकडी करून येत. दारूबंदी समितीला तर दरवर्षी जेवणाचं आवतण असायचं.

पाहुणे यायच्या आत आठवी बाटली संपवावी, म्हणून दयानंदराव घोंगडीखाली ती घेऊन कोपीमागं गेले. बूच उघडलं. तेवढ्यात मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला.

"काय अध्यक्ष, कोपीमागं काय करून राहिलाव?"

गुरुपादप्पा, आणि मागं त्यांची बायको अंबिकाबाई. पावलं जवळ यायला लागली. बाटली ओतावी तर जमिनीवर फेस दिसणार. समोर बिंदगी होती. दयानंदरावांनी फडकं बाजूला केलं, बाटली पालथी केली, रिकामी कडब्यात खुपसली आणि हात जोडून सामोरे गेले.

"काही न्हाई, आंबील हलवून बघितली."

मग जेवणं सुरू झाली. भज्जी, उंडे, भाकरी, खीर, आणि सिंधुबाई बिंदगी घेऊन आल्या.

"यंदा आंबील ऱ्हाऊ द्या," दयानंदराव घाईनं म्हणाले. "गारठा लई हाय."

"येळवस अन् आंबील न्हाई?" गुरुपादप्पांनी पंगतीकडे बघितलं. "अध्यक्षाचं डोकं ठिकाणावर हाय ना?"

दयानंदरावांनी जाता जाता बिंदगीला पाय लावून बघितला. सिंधुबाईंनी ती वरच्या वर झेलली. शेवटी, आपणच पिऊन संपवावी, असं ठरवून त्यांनी चार पेले लागोपाठ रिचवले. ते बघून गुरुपादप्पांनी सहा प्यायले. अध्यक्षाच्या मागं राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"वैनी, यंदाची आंबील म्हंजे कमाल हाय!"

दयानंदराव एकेकाचं तोंड न्याहाळायला लागले. गुरुपादप्पांचे गाल लाल दिसत होते. अंबिकाबाई उगीच हसत होत्या. समितीचे तीन सभासद बाभळीखाली आडवे होऊन घोरत होते. दरवर्षी आंबील प्यायल्यावर ते असेच आडवे होतात, हे दयानंदरावांना त्या घटकेला आठवलं नाही. शेताला फेरी मारताना गुरुपादप्पांनी येळवशीची 'ओलगे ओलगे'ची आरोळी अशी ठोकली, की म्हणे रेणापूरच्या शिवारातली पाखरं उडाली.

पाखरं उडाली तर उडू दे, असं दयानंदराव मनाला समजावत होते. पण उन्हं कलल्यावर गुरुपादप्पांनी मोटारसायकलला किल्ली लावली, अंबिकाबाई पदर खोचून मागं बसल्या, आणि दयानंदरावांना रस्त्यावरचा कॅनॉल दिसायला लागला. त्यांनी धावत जाऊन किल्ली उपटली.

"गाडीवर बसू नगा!"

"का? किल्ली द्या हिकडं."

"तुमी पिलाव."

"म्या?" गुरुपादप्पांचा आवाज असा चढला, की बाभळीखालचे तिघे उठून बसले. "दारूबंदीच्या उपाध्यक्षाला म्हणतो पिलाव? चार माणसांत इज्जत काढतो?"

"तुमची चूक न्हाई, आप्पा. म्याच ओतली आंबिलीत. बियर. आठ दिस झाले, रोज एक पिऊन राहिलो, येगळी येगळी." दयानंदरावांनी टोपी काढून हातात घेतली. "अध्यक्षपद घ्या तुमी. पण वैनीला घेऊन गाडीवर जाऊ नगा."

जाकीट आता कपाटाबाहेर येणार, हे सगळ्यांना दिसत होतं. गुरुपादप्पांनी गाडी स्टँडला लावली, छाती पुढं काढली आणि बोट उगारलं.

"खोटं! साफ खोटं! त्या आंबिलीत बियर बिलकूल नव्हती. असती तर पहिल्या घोटालाच वळखली असती म्या!"

अंबिकाबाई गाडीवरून हळूच उतरल्या.

"कशी वळखली असती?"

गुरुपादप्पांचं बोट वरच राहिलं.

"म्या इचारायले, कशी वळखली असती? दर शनिवारी उदगीरला मिटिंग असती, तिथं शिकवतेत का?"

पुढे त्या नवराबायकोत जे झालं ते बांधाच्या पलीकडे झालं. इकडे सिंधुबाईंनी कडब्यातून रिकामी बाटली काढून झटकली.

"आप्पा खरंच बोलले. यात बियर नव्हतीच. पोत्यामागचं खोकं मला तवाच घावलं. पहिल्या दिसापासून सातूचं पाणी हाय. रोज त्या दिवसाची बाटली सकाळीच रिकामी करायची, सातूचं पाणी भरायचं. कॉफीच्या बाटलीत चिमूटभर कॉफी, मधाच्यात मध, वरून फेसाला इनो. तांब्यातून पीत नव्हताव, बाटलीतून गटागट पिलाव."

"पण मला तर चढायची!" दयानंदराव म्हणाले.

"तुमाला भाषणबी चढतंय."

दयानंदरावांनी टोपी घातली. मग पुन्हा काढली.

"मग खरी बियर कुठं गेली?"

सिंधुबाई बैलगाडीकडे बघत होत्या. गाडीच्या सावलीत सरजाबाई उशाशी तांब्या घेऊन बसल्या होत्या.

"सांडायची का मग?" म्हातारी म्हणाली. "सातू म्हंजे अन्न हाय. अन्न सांडलं की पाप लागतंय. कॉफीची कडू होती, दया. मधाची बरी. आंब्याची मातर लईच झ्याक. आजची ही गव्हाची जरा पानचट हाय." तिनं तांब्या कलवून तळ बघितला. "सुदर्शनला फोन लाव, पुढल्या सुट्टीला आंब्याच्याच आठ आण म्हणाव."

सव्वीस जानेवारीला ग्रामसभेत सिंधुबाई दारूबंदीच्या अध्यक्ष झाल्या. दयानंदरावांनी नाव सुचवलं. गुरुपादप्पा नवं जाकीट घालून आले होते, पण अंबिकाबाई शेजारी बसल्यामुळे काही बोलले नाहीत. अनुमोदनाला पहिला हात वर झाला तो सरजाबाईंचा. त्या घरापासून चालत आल्या होत्या, काठी न घेता.