गुलाबाच्या वासाचा हायड्रोजन

बायको माहेरी गेली आणि प्रयोगशाळेत हायड्रोजन रुसून बसला.

आपल्या संशोधकाचं काम तसं सोपं. लांबलचक पोलादी नळीत जरासा हायड्रोजन आणि ऑक्सिजन भरायचा, आतला पातळ पडदा फोडून एका धक्क्यात ते तापवायचे आणि किती वेगाने पेटतात ते मोजायचं. याच्या नळीत ते जगभरच्या आकड्यांच्या दुप्पट वेगाने पेटत. त्याची डॉक्टरेट उभी होती ती या एकाच शोधावर. सोमवारी परीक्षक समोर बसून प्रयोग बघणार होते, आणि नेमका आत्ताच हा हायड्रोजन चारचौघांसारखा वागायला लागला होता!

त्याने नळी पुसली. पुन्हा पुसली. हातमोज्यातून धूळ कळत नाही, म्हणून शेवटी उघडं बोट आतून फिरवायची त्याची सवय. तेही फिरवलं. वेग काही वाढेना. अखेर रडकुंडीला येऊन त्याने बायकोला फोन लावला.

"तू गेल्यापासून काही म्हणजे काही जमत नाहीये गं."

इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाच्या तोंडून असं वाक्य कधी निघालं नव्हतं.

"अहो, रडताय की काय? आलेच मी!"

ती रविवारीच हजर झाली. "काय दशा केलीये हातांची! नुसत्या भेगा!" म्हणत तिने सोमवारी सकाळी, नेहमीसारखी, गुलाबाच्या वासाची क्रीम त्याच्या हातांना चोपडली.

प्रयोगशाळेत नळी धाडकन वाजली. दुप्पट वेग! परीक्षकांसमोर तो उडीच मारणार होता. पुढच्या फेरीसाठी त्याने नळी उघडून बोट फिरवलं, तशा त्याच्या मार्गदर्शक बाई जवळ आल्या आणि त्यांनी नाक फेंदारून वास घेतला.

"गुलाबाचा वास कुठून येतोय? हात दाखव."

त्याने शाळकरी पोरासारखे हात पुढे केले.

"अरे शहाण्या! क्रीमचा कण जरी आत राहिला तरी तापून फुटतो आणि हायड्रोजनला घाई करायला लावतो. इतके दिवस तू बायकोची क्रीम मोजतोयस!"

परीक्षक चष्मा पुसायच्या निमित्ताने पोटभर हसले. मग म्हणाले, "सगळं पहिल्यापासून करा. हातमोजे घालून."

संध्याकाळी तो पाय ओढत घरी आला. त्याला खरोखरच रडू येत होतं. दार उघडलं तर बायको आनंदाने फुलून आलेली.

"जमलं ना मी आल्यावर? आईला, बहिणींना, सगळ्यांना सांगून झालंय माझं! माझ्यावाचून ह्यांचं विज्ञानसुद्धा अडतं म्हणून!"

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ओठांवर आलेलं सगळं गिळलं.

"झालं ते सगळं तुझ्यामुळेच," तो म्हणाला. यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

"मग आजपासून दोनदा लावत जाईन," म्हणत तिने डबी उघडली.

त्याने निमूटपणे दोन्ही हात पुढे केले.