डॉर्कसबाईंची लोणी म्हणून रवानगी

जगातली कोणतीही गोष्ट बंद पडली, तरी तिची समिती बंद पडत नाही. इंग्लंडातल्या नेदर क्लॅम्पटन गावी पूर्वी ‘वेनेज’ चालायची, म्हणजे लाकडी गाड्यातून मालाची ने-आण. पुढे घोडे गेले, गिऱ्हाईक गेलं, तो शब्दही खुद्द इंग्रजांच्या तोंडून गेला. वेनेज समिती मात्र ठणठणीत आहे. तिला अध्यक्ष आहेत, बिल्ले आहेत, वार्षिक भोजन आहे आणि भोजनाच्या टेबलक्लॉथसाठी वेगळी उपसमिती आहे (कामकाज सर्वांत चोख हिचंच).

सचिव ऑब्री थ्रिप यांचा या समितीवर भारी जीव. रोज सकाळी ते गाड्याची चाकं जवसाच्या तेलानं पुसत. हलवला तर चाकं झिजतील, म्हणून गाडा कधी हलवत नसत.

अशात गावची बस बंद झाली आणि डॉर्कस पॉबजॉय नावाच्या म्हाताऱ्या बाई समितीपुढे उभ्या राहिल्या. नवरा शहरातल्या इस्पितळात होता. बुधवारी दुपारी दोनला त्याचं ऑपरेशन.

“तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता हो,” त्या म्हणाल्या. “पण आमचा रेजी भित्रा आहे. भूल द्यायच्या आधी त्याचा हात धरायला कुणीतरी हवं. गाडा आहेच, तर न्याल का मला?”

वेनेजचा उपयोग करावा, अशी सूचना आजवर कुणी मांडलीच नव्हती. थ्रिपसाहेबांना तर गहिवरून आलं. अडचण एवढीच, की नियमानुसार गाड्यातून लोकर, धान्य आणि लोणी जातं, माणूस जात नाही. मग बाई नेमक्या कशात मोडतात, यावर चहाच्या किटल्यांमागून किटल्या रिकाम्या झाल्या. लोकर ठरवावं, तर ती टिकते, सावकाश पाठवली तरी चालते. शेवटी बाईंना बहुमतानं लोणी ठरवण्यात आलं (एक सदस्य तटस्थ राहिले, त्यांना डॉक्टरांनी लोणी वर्ज्य सांगितलं आहे).

“काय वाट्टेल ते ठरवा,” बाई म्हणाल्या, “पण दोनच्या आत पोचवा म्हणजे झालं.”

बुधवारी शेजारच्या गावातून घोडे आणले. बँड आला. गाड्यात अध्यक्ष चढले, खजिनदार चढले, पाद्रीबाबा चढले, सगळी टेबलक्लॉथ उपसमिती टेबलक्लॉथसकट चढली. डॉर्कसबाई रेजीच्या पायजम्याची पिशवी सांभाळत, गावच्या रीतीप्रमाणे प्रत्येकाला “तुम्ही आधी, तुम्ही आधी” म्हणत मागे सरत होत्या. शिस्त अशी की बघत राहावं! थ्रिपसाहेबांनी शिटी फुंकली, गाडा हलला, टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी हळूच डोळे टिपले.

दोनला चांगला अवकाश असतानाच गाडा इस्पितळाच्या दाराशी लागला. वरच्या खिडकीत रेजी पॉबजॉय केस विंचरून बसला होता. नर्स लगबगीनं बाहेर आली.

“मिसेस पॉबजॉय कुठायत? सकाळपासून आमचा जीव खाल्लाय त्यांच्या मिस्टरांनी, ती आली का, ती आली का म्हणून.”

थ्रिपसाहेबांनी गाड्यात पाहिलं. मग टेबलक्लॉथ उचलून त्याखालीही पाहिलं.

“असं कसं होईल?” ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. “गाडा सुटताना एवढी माणसं तिथं होती. बाई मागे राहिल्या असत्या, तर कुणीतरी बोललंच असतं की.”

तुम्हीही होतात की तिथं. बाई पिशवी घेऊन मागे सरताना तुम्ही तर धडधडीत पाहिल्यात. तरी गप्पच राहिलात. बरोबरच आहे म्हणा, एवढ्या चांगल्या समारंभात मध्येच बोलणं बरं दिसत नाही.