सुभानजी डावीकडून चढले त्याची हकीकत

श्रीमार्गदेवता वाट दाखवो अथवा न दाखवो, तिला नमन असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एके राज्यी जे वर्तमान घडले ते लिहितो. पूर्वी आम्ही गड घेतल्याच्या हकीकती लिहीत होतो. आता लढाया राहिल्या नाहीत, हप्ते राहिले, म्हणोन हप्त्यांच्या लिहितो. लेखणी थकली आहे, वाचणाराने सांभाळून घ्यावे.

ऐसे जे, महाराजांनी राज्यभर रुंद रस्ते बांधविले, आणि मग त्यांवर बारा चाकांचे ट्रक धावू लागले, आणि मग ते हाकणारे मिळेनात, म्हणोन जागोजागी सारथ्यविद्येच्या शाळा उघडल्या. त्या राज्यात सुभानजी वाघचवरे म्हणोन चौतिशीचे गृहस्थ बिस्किटांच्या कारखान्यात पाकिटे भरीत होते, आणि तो कारखाना बुडाला, आणि मग घर चालत होते ते त्यांच्या पत्नी हौसाबाई यांच्या पिठाच्या गिरणीवर. सुभानजींनी यंदाच्या दसऱ्यास लहान गाडीचा परवाना काढिला होता, तेवढ्या बळावर त्यांनी पारावर जाहीर केले की आपण तीन महिन्यांत ट्रकचे ड्रायव्हर होणार. गावही असे की लगेच त्यांस ड्रायव्हरसाहेब म्हणू लागले, आणि शिंप्याने खाकी सदरा बेतला, आणि मग मागे फिरण्याची वाट बंद जाहली.

मग उभयतां शहरी एका थोर शाळेत दाखल जाहले. तेथे अंगणी नवा कोरा ट्रक धुवून उभा होता, त्यास तोरण होते, तो कधी हलत असेल असे आम्हांस वाटत नाही. शाळेच्या कारभाऱ्यांनी आसन देऊन फर्माविले की विद्या तीन महिन्यांची, मोल एक लाख वीस हजार, ते शाळाच कर्जाऊ देईल, तारण म्हणोन गिरणी लिहून द्यावी, पुढे पगार महिना पंचवीस हजार. सुभानजींचा चेहरा उजळला. हौसाबाई आजवर कोणत्याही दरबारी बोलल्या नव्हत्या, त्या बोलत्या जाहल्या.

"हप्ता कवापास्नं?"

"चौथ्या महिन्यापासून, बाई. साडेचार हजार फक्त."

"आन् पगार?"

"अवजड गाडीचा परवाना हाती आला की."

"त्यो कवा येतो?"

येथे कारभाऱ्यांनी पाणी मागविले, सावकाश प्याले, आणि मग म्हणाले, "लहान गाडीच्या परवान्याला वर्ष उलटावं लागतं. सरकारी नियम आहे, आम्ही काय करणार?"

म्हणजे पुढल्या दसऱ्यापर्यंत पगार नाही आणि हप्ता मात्र चालू. हे सुभानजींस कळले, तथापि कळले असे त्यांनी दाखविले नाही. उद्या सही करतो म्हणोन उठले.

परतीच्या वाटेवर एका ढाब्यावर चहास थांबले. तेथे नजीर उस्ताद म्हणोन जुने ड्रायव्हर खाटेवर पाय चोळीत बसले होते, त्यांस हौसाबाईंनी पुसिले की पंचवीस मिळतात हे खरे काय. उस्ताद म्हणाले, "मिळतात की. पण रस्त्यावरचं जेवण आपलं, आंघोळीला पैसे, वेळ चुकली की मालक कापतो. घरी चौदा पोचले तर त्या महिन्याला चांगला म्हणायचा." आणि मग सुभानजींकडे पाहोन म्हणाले, "माझा क्लीनर सोडून गेलाय. वर्षभर चलतो का? सात हजार आणि जेवण माझ्याबरोबर. काच पुसायची, टायर बघायचे, मोकळ्या मैदानात स्टिअरिंग देईन. पुढचा दसरा झाला की स्वस्तातल्या शाळेत परवान्याचे कागद करून घे."

क्लीनर हा शब्द सुभानजींच्या काळजात घुसला. चौतीस वर्षांचा पुरुष, शिवलेला खाकी सदरा, आणि काच पुसायची! घरी येऊन तीन दिवस अबोला धरिला. चौथे दिवशी प्रातःकाळी गिरणीत गेले आणि म्हणाले, "मी सही करणार. लोकांत माझी मान खाली जाईल, ते तुला चालंल का?"

हौसाबाई भुवयांपर्यंत पिठाने माखल्या होत्या. त्यांनी गिरणी बंद केली, म्हणोन पुढले बोलणे दळणास आलेल्यांस ऐकू गेले, आणि आम्हांसही मिळाले.

"करा सही. गिरणीबी घ्या, मी आडवी येत न्हाई. पर शाळा शिकून घरी बसाल, त्या आठ महिन्यांत रोज सकाळी पारावर काय सांगणार, तेवढं आदी मला सांगा."

सुभानजींनी दारातले दळणाचे डबे उचलून आत ठेविले. मग त्यांनी उस्तादांस निरोप धाडिला की क्लीनर म्हणोन येतो. यात शौर्य काय असे कोणी पुसेल, तर आम्ही पुष्कळ शूर पाहिले, आपल्याच माणसासमोर हट्ट सोडणारे थोडे पाहिले.

पौष मासी उस्तादांचा ट्रक वेशीपाशी आला. सुभानजी क्लीनर होऊन निघाले हे गावास कोणी कळविले नव्हते, म्हणोन लोक झेंडूचा हार घेऊन उजव्या दाराशी, ड्रायव्हरच्या बाजूस, दाटी करून उभे. सुभानजी खाकी सदऱ्यात आले, दाटीपाशी थांबले, आणि मग ट्रकच्या तोंडावरून वळसा घालोन डाव्या, क्लीनरच्या दाराशी गेले आणि पायरीवर चढले. कोणी तरी हसले, तेही लिहितो. हौसाबाईंनी तो हार लोकांच्या हातून घेतला आणि डावीकडे गेल्या. सुभानजी खाली पाहोन म्हणाले, "हार राहू दे गं. पुढच्या साली घाल."

"फुलं काय सालभर टिकतात? वाका खाली."

सुभानजी वाकले. डोळ्यांस पाणी आले, ते त्यांनी पुसिले नाही, कारण एका हाती काच पुसण्याचे फडके होते आणि दुसऱ्या हाती दाराची मूठ होती.

तात्पर्य येणेप्रमाणे: राज्याने रस्ते बांधिले, शाळेस त्या दिवशी गिऱ्हाईक मिळाले नाही, सुभानजी डाव्या दाराने चढले. हौसाबाई वेशीवरून परतल्या तो गिरणीपाशी दळणाचे डबे रांगेत लागले होते, त्यांनी पट्टा चढविला आणि गिरणी सुरू जाहली. ती अद्याप त्यांचीच आहे. इति.