खालच्या तारेवरची धून

दर मंगळवारच्या वादनाच्या बैठकीसाठी त्या संध्याकाळी फिंटन हेहिर व्हायोलिन घेऊन टॅल्टींच्या पबात आला, तेव्हा शेकोटीजवळची त्याची खुर्ची रिकामीच होती. तरीही त्याचं डोकं फिरलं. कारण बाकीचे सगळे वाजवणारे खुर्च्या वळवून समोरच्या बाकाकडे तोंड करून बसले होते आणि त्या बाकावर डर्वला बसली होती.

डर्वला स्लायगोकडची. नोकरीसाठी इथं, आयर्लंडच्या दुसऱ्या परगण्यात, क्लेअरमध्ये आली होती. लाकडी बासरी वाजवायची आणि स्वभावानं नम्र होती, हीच तर अडचण होती. भांडायला जागाच नव्हती. फिंटननं एखादी धून सुरू करावी, पहिल्या फेरीत तिनं डोळे मिटून ऐकावं, दुसऱ्या फेरीत अलगद सामील व्हावं आणि तिसऱ्या फेरीला लोकांनी पेले खाली ठेवून तिच्याकडेच बघत राहावं.

"पोरीच्या फुंकेत मध आहे बघ," पबाची मालकीण नोरीन म्हणाली.

"मध खोकल्यावर बरा," फिंटन म्हणाला.

आजवर कुठली धून, कधी आणि किती वेगानं, हे त्याच्या खुर्चीतून ठरत आलं होतं. ते आता हातचं जाणार, या विचारानं त्याला जेवण गोड लागेना. मग एके दिवशी गाईंचं दूध काढताना त्याला युक्ती सुचली. व्हायोलिनची सगळ्यांत खालची तार जिथपर्यंत उतरते, तिथपर्यंत बासरी उतरूच शकत नाही. त्यानं गोठ्यात बसून एक नवी धून रचली. तिचा दुसरा भाग त्यानं मुद्दाम त्या खालच्या तारेवर नेऊन बसवला. गाईंनी तक्रार केली नाही.

पुढच्या मंगळवारी त्यानं ती वाजवली.

"ही कुणाची रे?" ॲकॉर्डियनवाल्या कोल्मनं विचारलं.

'माझी' म्हणणं तिथं फुशारकी समजतात. म्हणून फिंटन म्हणाला, "आमच्या चुलत आजोबांची. जुनी आहे."

दुसऱ्या फेरीला डर्वला सामील झाली. खालचा भाग येताच फिंटननं तिच्याकडे हसून पाहिलं. तिनं क्षणभर भुवया उंचावल्या आणि तो सगळा भाग वरच्या सप्तकात उचलून नेला. पबात कुणीतरी "आहाहा!" केलं. ते फिंटनसाठी नव्हतं.

त्या मुलखात धून ज्याच्याकडून शिकायची, त्याचंच नाव तिला लावतात. आणि ही धून सगळे डर्वलाकडून शिकू लागले.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी फिंटन मुद्दाम क्रो यांच्या पबात गेला. तिथं वाद्यांना बंदी. एकेकानं गायचं, बाकीच्यांनी गप्प ऐकायचं. निदान तिथं तरी बासरी नसेल! एक म्हातारा उठला आणि तोंडानंच 'दिडल-डाय' करत नाचाची धून म्हणू लागला. तिचा दुसरा भाग वरच्या सप्तकात गेला.

"कुठली धून ही?" फिंटननं दबकत विचारलं.

"डर्वलाची धून. ऐकली नाहीस? कुठं राहतोस तू?"

रविवारी दुपारी मॅरिननच्या पबात शिकाऊ मंडळी सावकाश वाजवत बसतात. तिथं चिमुरडी पोरं पत्र्याच्या पिपाण्यांवर तीच धून घोटत होती. फिंटनला राहवेना. त्यानं व्हायोलिन काढून खालचा भाग वाजवून दाखवला.

शिकवणाऱ्या बाई प्रेमानं म्हणाल्या, "छान प्रयत्न हं. पण तिथं वर जायचं असतं. येईल, येईल. घाई नको."

मंगळवारी टॅल्टींकडे तो उभाच राहिला. "ती धून माझी आहे! मी रचली. गोठ्यात!"

कोल्मनं ॲकॉर्डियन मिटलं.

"त्या दिवशी तर चुलत आजोबांची होती," नोरीन म्हणाली.

"तेव्हा खोटं बोललो."

"मग आत्ता खरं बोलतोस कशावरून?"

डर्वला घाईनं म्हणाली, "अहो, त्यांचीच आहे ती. मी त्यांच्याकडूनच उचलली."

"बघा, किती मोठं मन पोरीचं!" कोल्म गहिवरला. "आणि तू रे? लेकीच्या वयाच्या पोरीवर जळतोस?"

फिंटनचे कान तापले. डर्वला मात्र बासरी मांडीवर ठेवून म्हणाली, "फिंटन, तुम्हीच वाजवा. तुमच्या पद्धतीनं, खालून. मी ऐकते."

सगळ्या खुर्च्या त्याच्याकडे वळल्या. त्याला हवं होतं ते हेच. त्यानं हनुवटीखाली व्हायोलिन धरलं. पहिला भाग झोकात गेला. दुसरा आला आणि दोन आठवडे तेच ऐकलेली त्याची बोटं त्याला न विचारता वरच्या तारेवर चढली.

"जमलं!" कोल्मनं मांडीवर थाप मारली. "आत्ता कशी डर्वलाची वाटतेय!"

"बघ, नीट ऐकलंस की शिकतोस," नोरीन म्हणाली.

फिंटननं डर्वलाकडे पाहिलं. ती हसत नव्हती, डोळे मिटून ऐकत होती. दुसरी फेरी सुरू झाली. तो पुन्हा वरच गेला, आणि या वेळी मुद्दाम.