दोन दिवसांनी मोठी

“सर, एका दिवसात माणूस किती मोठं होतं?”

हा प्रश्न भर सभेत विचारायची पैज टाचणी आणि भोंगा यांनी लावली होती. टाचणी म्हणजे मुलींच्या फुटबॉल संघाची आघाडीची खेळाडू. अंगाने टाचणी आणि टोचायलाही टाचणीच. भोंगा बचावाला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला निरोप द्यायचा तर तिला नुसतं तोंड उघडावं लागे. आणि जिने प्रश्न विचारला ती त्यांची गोलरक्षक, भिंत. गेल्या वर्षीपर्यंत ही भिंत वर्गात हजेरीलाही पुटपुटायची. मग एका सामन्यात तिने लागोपाठ तीन पेनल्टी अडवल्या आणि तिला शोध लागला, की समोरचा कुठे मारणार हे त्याच्या डोळ्यांत आधीच दिसतं. तेव्हापासून तिला कुणाचीच भीती वाटेनाशी झाली होती. हे तिच्या घरच्यांना अजून नीट कळलं नव्हतं.

संघटनेच्या हॉलमध्ये पालक प्लास्टिकच्या खुर्च्यांवर अवघडून बसले होते. व्यासपीठावरचे सचिव माइक हनुवटीला चिकटवून नवा नियम समजावत होते. आतापर्यंत खेळाडूचं वय एक जानेवारीला मोजायचे, ते आता एकतीस जुलैला मोजायचं. त्या दिवशी जिला चौदा पूर्ण झाली असतील ती मोठ्या गटात. म्हणजे शाळेचं वर्ष आणि खेळाचं वर्ष एक. आठवीच्या मुली छोट्या गटात, नववीच्या मोठ्या. “सगळं कसं सुटसुटीत,” असं ते तीनदा म्हणाले.

सुटसुटीत झालं ते एवढंच, की संघातल्या पाच मुली एका झटक्यात बाहेर पडल्या. गाडीतून चौघींना आणणाऱ्या काकूंच्या लक्षात आलं, की आता दोघींचा सराव या मैदानावर आणि दोघींचा त्या मैदानावर, आणि दोन्ही साडेपाचलाच. “मी काय गाडी मधोमध कापू?” असं त्या शेजारणीला विचारत होत्या.

भिंतीचा प्रश्न ऐकून सचिवांनी चष्मा काढला. “म्हणजे?”

“म्हणजे माझी जन्मतारीख एकतीस जुलै. एक दिवस उशिरा जन्मले असते तर मी छोट्या गटात राहिले असते. तर त्या एका दिवसात मी किती मोठी झाले, ते सांगा.”

पालकांत हशा पिकला. भोंगा एकटीच इतकी हसली, की माइकमधून शिट्टी निघाली.

“तारीख म्हणजे तारीख,” सचिव म्हणाले. “तारखेत एका मिनिटाचीही सूट नाही. पुढचा प्रश्न.”

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत भिंतीचे बाबा उठून उभे राहिले. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. बाबांनी तोंड उघडलं, आईने त्यांचा शर्ट मागून ओढला, आणि बाबा म्हणाले, “पंखा जरा कमी करता येईल का?” मग ते खाली बसले. त्या हॉलमध्ये पंखा नव्हता.

मोठ्या गटात जायला भिंतीची हरकत नव्हती. हरकत होती ती तिथल्या गोलरक्षकाला. ती दहावीतली मुलगी एवढी उंच होती, की आडव्या दांड्यावर रुमाल वाळत घालायची. तिच्या मागे दुसरी गोलरक्षक म्हणजे वर्षभर बाकावर बसायचं आणि पाण्याच्या बाटल्या मोजायच्या. इकडे टाचणी आणि भोंगा दोघीही आठवीतल्या, त्या छोट्या गटातच राहणार. आणि त्यांच्यामागे गोलमध्ये कोण उभं राहणार, तर चेंडू आला की डोळे मिटणारी एक नवी मुलगी.

घरी आल्यावर आई शेंगा निवडायला बसली. बाबांनी रोजचं वर्तमानपत्र आणि लाल पेन घेतलं. बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून त्यांचं भागत नसे, म्हणून संध्याकाळी ते छापून झालेल्या वर्तमानपत्रातही दुरुस्त्या करायचे. त्या संध्याकाळी मात्र पान तसंच कोरं राहिलं.

“सांगा आता,” आई म्हणाली.

“तूच सांग.”

“केलंत तुम्ही.”

“अगं, काय केलं?” भिंत म्हणाली.

आईने हातातली शेंग खाली ठेवली. “तू एकतीस जुलैची नाहीस. दोन ऑगस्टची आहेस.”

भिंत उभी होती ती खाली बसली.

“शाळेत घालताना अट होती,” बाबा पेनाशी बोलावं तसं बोलले. “एकतीस जुलैला वय पूर्ण पाहिजे. तू दोन दिवसांनी कमी पडत होतीस. अख्खं वर्ष वाया गेलं असतं. म्हणून मी एक शपथपत्र लिहून दिलं.”

“म्हणजे बाबा, तुम्ही चूक केलीत.”

“चूक नाही,” बाबा दुखावून म्हणाले. “दुरुस्ती.”

“आणि वाढदिवस? तोही दर वर्षी एकतीसला?”

“लहान मुलं शाळेत खरं बोलतात,” आई म्हणाली. “मग तुलाच सांगितलं नाही.”

भिंतीला खरं तर रडू यायला हवं होतं. पण तिच्या डोक्यात एकच हिशेब पटकन झाला: दोन ऑगस्टला जन्मलेली मुलगी एकतीस जुलैला तेराच वर्षांची असते. “जन्माचा खरा दाखला कुठे आहे?” तिने विचारलं. बाबांनी कपाटाकडे बघितलंच नाही, आणि त्यामुळे तो कपाटात आहे हे तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी तो दाखला संघटनेच्या कार्यालयात सचिवांच्या टेबलावर होता. सचिवांनी तो उजेडात धरून बघितला. “तुझ्या शाळेच्या कागदावर एकतीस जुलै आहे. एका मुलीच्या दोन तारखा?”

“एक खरी आहे, एक बाबांची आहे.”

“ते मला नको सांगूस. शाळेकडून दुरुस्तीचं पत्र आण, मग बघू.”

शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले होते आणि मुख्याध्यापिकाबाई वेळापत्रकाच्या तक्त्यात बुडाल्या होत्या. त्यांनी दाखला वाचला, मग भिंतीकडे बघितलं, मग पुन्हा दाखला वाचला.

“हे खरं असेल,” त्या म्हणाल्या, “तर तू चुकीच्या वर्गात बसली आहेस. वडिलांना बोलाव.”

बाबा छापखान्यातून थेट आले, बोटाला शाई तशीच. त्यांनी वाटेत उत्तर तयार केलं होतं. “मला वाटतं, बाई, हा मुद्रणदोष असावा.”

“शपथपत्र हाताने लिहिलेलं आहे. अक्षर तुमचं.” बाईंनी कागद पुढे सरकवला. बाबांनी तो वाचला, आणि तशा अवस्थेतही त्यांच्या लक्षात आलं, की शेवटच्या ओळीत पूर्णविराम राहिलाय. हात खिशातल्या पेनाकडे गेला. भिंतीने तो धरून ठेवला.

“असं किती जणांनी केलंय ते बघू तरी,” असं म्हणून बाईंनी कारकुनाला नववीचं रजिस्टर आणायला सांगितलं. हे त्यांनी सांगायला नको होतं. कारकून बोट फिरवत मोजायला लागला. एकतीस जुलै, एक. एकतीस जुलै, दोन. नऊवर बोट थांबलं.

“एका दिवसात नऊ मुली?” बाई म्हणाल्या.

“आपल्याकडे तेव्हा प्रसूतिगृह एकच होतं, बाई,” कारकून म्हणाला. “आणि खाटा पाच.”

बाईंनी रजिस्टर असं मिटलं, जणू आतून काहीतरी उडी मारून बाहेर येणार होतं. “आपण फक्त हिच्यापुरतं बोलू,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “जन्मतारीख एकतीस हवी असेल तर नववी. दोन हवी असेल तर आठवी. परवापर्यंत सांगा. आणि बाकीचं कुणी बाहेर बोलू नका.”

कारकून कुणाशीच बोलला नाही. त्याने फक्त बायकोला सांगितलं. संध्याकाळी सहाला भिंतीच्या घरात आठ कुटुंबं होती. बैठकीच्या खोलीत पाच खुर्च्या, म्हणून काही जण पलंगावर, दोघे जण शिवणयंत्रावर टेकून आणि एक काका दारात, डोक्यावरचं हेल्मेटही न काढता.

“तुझ्या एका गोलपोस्टासाठी आमच्या आठ पोरी आठवीत बसवणार का?” एक आई म्हणाली.

“काकू, मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही.”

“पण रजिस्टर तर उघडलंस ना. तू गप्प बसली असतीस तर ते उघडलंच नसतं.”

“मी गप्प बसले तर बाकावर बसावं लागतं,” भिंत म्हणाली.

“केवढी बोलायला लागलीय,” काकू आईला म्हणाल्या. आईने सवयीने मान खाली घातली आणि मग, का कोण जाणे, पुन्हा वर केली.

“तुमची दोन दिवसांचीच गोष्ट आहे,” पलंगावरचे एक काका बाबांना म्हणाले. “आमची बारा ऑगस्टची आहे. आम्ही काय करायचं?”

“बारा?” शिवणयंत्रावरून आवाज आला. “आमची एकोणीसची.”

“आमची सव्वीसची. तीही रात्री अकराची, म्हणजे जवळजवळ सत्तावीसच.”

बघता बघता तिथे चढाओढ लागली. ज्याने जितके जास्त दिवस ढकलले होते तो तितका ताठ बसला. भिंतीच्या बाबांना, फक्त दोन दिवस ढकलणाऱ्या माणसाला, स्वतःच्याच घरात लहान झाल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी सगळ्यांच्या नजरा दारातल्या माणसाकडे गेल्या. त्याने खाकरून घसा साफ केला.

“आमची सप्टेंबरची,” तो म्हणाला. “चार.”

आवाज ओळखीचा होता. हेल्मेट निघालं आणि आतून संघटनेचे सचिव बाहेर आले.

भिंतीच्या जिभेच्या टोकावर सभेतलं ‘तारीख म्हणजे तारीख’ येऊन बसलं होतं. तिने ते गिळलं, पण सचिवांना ते ऐकू गेलंच असावं, कारण ते भराभर बोलायला लागले.

“हे बघ बेटा, वाद वाढवण्यात अर्थ नाही. तुला छोट्या गटात खेळायचंय ना? खेळ.” त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. शिक्का मारूनच आणला होता. “विशेष बाब म्हणून तुला सूट. एकतीस जुलै तशीच राहील, नववी तशीच राहील, रजिस्टर बंद राहील. झालं?”

“झालं,” आठ कुटुंबं एकदम म्हणाली. आईने सुटकेचा श्वास सोडला. बाबांनी कागद हातात घेऊन तपासला आणि त्यात एकही चूक निघाली नाही, तेव्हा त्यांचा चेहरा खुलला.

भिंतीने कागद त्यांच्या हातून घेतला. “काका, समजा आम्ही स्पर्धा जिंकलो आणि हरलेल्या संघाने या कागदाबद्दल तक्रार केली. मग?”

सचिवांनी हेल्मेटचा पट्टा चाचपला. “मग… चौकशी होईल.”

“आणि माझे सामने रद्द?”

“तुझे म्हणजे… संघाचे.”

“मला उद्यापर्यंत विचार करू द्या,” भिंत म्हणाली. विचार करण्यासारखं काय आहे, हे कुणालाच कळेना, पण सगळे उठले. जाताना चपलांची अदलाबदल झाली ती निस्तरायला आणखी अर्धा तास गेला.

सकाळच्या सरावाला तिने मैत्रिणींना सगळं सांगितलं.

“घे की पत्र,” भोंगा म्हणाली. मैदानाबाहेर फिरायला आलेल्या दोन आजोबांनी दचकून मागे बघितलं.

“आणि कुणी तक्रार केली तर?”

“तर माझे सगळे गोल पाण्यात,” टाचणी म्हणाली. “तू वरच्या गटात जा. बाकावर बस, जाडी हो. आम्ही येताजाता हात हलवू.” एवढं बोलून ती बुटाची नाडी बांधायला वाकली. नाडी बांधलेलीच होती. ती बराच वेळ वाकून राहिली.

संध्याकाळी भिंत घरी आली तेव्हा सचिवांचा कागद आईने आरशाच्या चौकटीत खोचून ठेवला होता. भिंतीने तो काढला आणि आईच्या हातात दिला.

“हा सचिवकाकांना परत कर. मी सूट घेणार नाही.”

“मग काय, मोठ्या गटात जाणार?” बाबांनी विचारलं.

“नाही. मला माझी दोन ऑगस्ट हवी आहे. बाईंना मी फक्त माझ्याबद्दल सांगितलंय. बाकीच्यांचं त्यांनी त्यांचं बघावं. अर्ज लिहून झालाय, त्यावर पालकांची सही लागते.”

बाबांचा चष्मा नाकावरून घसरला. “अगं, पण दोन ऑगस्ट म्हणजे आठवी. एक अख्खं वर्ष. तुझं ते वर्ष वाचावं म्हणून मी आयुष्यात एकदाच खोटं लिहिलं.”

“माहितीये बाबा. पण वर्ष माझं होतं ना? मग ते कुठे घालवायचं ते मी ठरवलं. गोलमध्ये.”

“लोक विचारतील, पोरगी नापास झाली का म्हणून,” आई म्हणाली.

“सांग त्यांना, पोरगी पास झाली, बाबा दोन दिवसांनी नापास झाले.”

आईने तोंडावर पदर धरला. ती हसतेय की रडतेय हे बाबांना ओळखता येईना. ते एकदा अर्जाकडे, एकदा मुलीकडे बघत राहिले. मुलगी दोन्ही हात कमरेवर ठेवून, पाय फाकवून, दाराच्या बरोबर मधोमध उभी होती. तिच्या बाजूने वाट काढणं शक्य नव्हतं.

“उद्यापासून मी टाचणीच्या वर्गात, आठवी ब मध्ये बसणार आहे,” ती म्हणाली. “आणि पुस्तकं आणायला धावू नका. माझी आठवीची जुनी टाचणीकडेच आहेत. एका बाकावर बसणाऱ्या दोघींना एक संच पुरतो.”