पुढच्या चाकाचा ब्रेक

"शनिवारपर्यंत ब्रेक तयार," असं त्याने सोमवारी छातीठोकपणे सांगून टाकलं, तेव्हा त्याच्या बायकोने फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. कुठला शनिवार, एवढंच तिला विचारायचं होतं. पण सासरे पलीकडच्या खोलीत अंथरुणाला खिळलेले होते, डॉक्टरांनी महिना-दीड महिना म्हणून सांगितलं होतं, आणि अशा घरात शनिवारांची चेष्टा करवत नाही. 

तो लिफ्ट तपासनीस होता. गल्लीत त्याला सगळे तपासनीसच म्हणत आणि रागावली की बायकोही म्हणे. उंच इमारतींमधल्या लिफ्ट नीट थांबतात की नाही हे पाहून कागदावर सही करण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. लिफ्ट वर जाते की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. ती जाणारच हो, थांबेल की नाही ते बोला! त्याचं तोंड दुधाने कधी पोळलं नव्हतं, तरी तो ताक फुंकून प्यायचा.

वडील नेमके उलटे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मोटारसायकलवरून गावोगाव फिरत शिवणयंत्रं विकली. एका सिलिंडरची ती गाडी तपासनिसापेक्षा वयाने मोठी होती. तिच्या वेगाच्या काट्याने केव्हाच मान टाकलेली असल्यामुळे वडील किती जोरात चालवतात हे कुणालाच कळत नसे, आणि त्यांना स्वतःला ते कळून घ्यायचंही नव्हतं. सात वर्षांच्या मुलाला त्यांनी एकदा पुढे टाकीवर बसवून फिरवलं. मुलगा सगळी वाट "हळू, बाबा, हळू" म्हणून रडला. घरी आल्यावर त्याला खाली उतरवून वडील त्याच्या आईला म्हणाले, "हा तुझा मुलगा. यापुढे याला तूच फिरव." चाळीस वर्षं झाली, तपासनीस हे वाक्य विसरला नव्हता. वडील बहुधा त्याच संध्याकाळी विसरले असावेत.

आता वडिलांची डावी बाजू गेली होती आणि जीभ लुळी पडली होती. चालत होता तो एक उजवा हात. रोज दुपारी तो हात चादरीवरून वर उठायचा, हवेत काहीतरी पकडल्यासारखी मूठ वळायची, ती मूठ हलायची, आणि वडिलांची नजर खिडकीबाहेर अंगणापलीकडच्या शेडवर जायची. शेडमध्ये ताडपत्रीखाली गाडी चौदा वर्षं उभी होती.

तपासनिसाने एका दुपारी हे पाहिलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाडीच्या उजव्या मुठीला काय असतं? पुढचा ब्रेक!

"बाबा, ब्रेक ना?" त्याने विचारलं.

वडिलांनी डोळे मिटून घेतले.

"बघ, हो म्हणाले," तो बायकोला म्हणाला. कंटाळले असतील, असं बायकोचं मत पडलं. मग खात्री करून घ्यायला म्हणून त्याने पाटी-पेन्सिल आणून दिली. वडिलांनी दोन लांब रेघा शेजारी शेजारी ओढल्या आणि पेन्सिल भिरकावून दिली. बायकोला त्यात रस्ता दिसला. तपासनिसाला ब्रेकच्या आत बसणारे दोन लायनर दिसले, आणि तपासणीतला जाणकार घरात तोच असल्यामुळे लायनर ठरले.

खरं सांगायचं तर त्याला गहिवरून आलं होतं. जन्मभर ज्या बापाने त्याच्या सावधपणाची टर उडवली, तो शेवटी ब्रेक मागत होता, आणि तेही त्याच्याकडे, ब्रेकमधल्या माणसाकडे! बाकी काही देता आलं नाही तरी जाण्याआधी एवढं त्यांना द्यायचंच, असं त्याने ठरवलं. त्याने कचेरीतून रजा घेतली.

पहिल्या दिवशी त्याने शेडमध्ये जाऊन ब्रेकची दांडी ओढली. ती हलेचना, कारण आतली केबल गंजून गच्च झाली होती. तपासनिसाने केबलच्या वरच्या तोंडात तेल सोडलं, दर तासाला थोडं थोडं, दिवसभर. केबल मोकळी झाली. मात्र ते तेल केबलमधून खाली उतरून थेट चाकाच्या मध्यावरच्या ड्रममध्ये गेलं. या ड्रमच्या आत दोन अर्धगोल लायनर असतात. दांडी ओढली की ते फाकतात आणि ड्रमला घासून चाक थांबवतात. तेल प्यायलेले लायनर घासत नाहीत, नुसते गुळगुळीत सरकतात. दुसऱ्या दिवशी दांडी लोण्यासारखी ओढली जात होती आणि चाक काही केल्या थांबत नव्हतं.

लायनरमध्ये मुरलेलं तेल बाहेर काढायचं तर ते जाळायचं, असं कुणीतरी त्याला पूर्वी सांगितलेलं. बायको बाजारात गेल्याचं पाहून त्याने दोन्ही लायनर स्वयंपाकघरातल्या तव्यावर मंद आचेवर ठेवले. ती परतली तेव्हा तिला स्वयंपाकघर दिसलंच नाही. धुरातून फक्त नवऱ्याचा आवाज येत होता की काळजीचं कारण नाही, सगळं ताब्यात आहे. तवा गेला आणि लायनरही तडकले. घरातल्या दुधाला, कपड्यांना, औषधाच्या बाटल्यांनाही पुढे आठवडाभर गॅरेजचा वास येत होता. वडील मात्र त्या दिवशी बरेच तरतरीत दिसले, असं तिने नंतर सांगितलं.

मग नवे लायनर शोधायला आठ दिवस गेले. एवढ्या जुन्या गाडीचे कुठे मिळेनात. अखेर एका दुकानदाराने दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचे काढून दिले आणि वर उपदेश केला, जरा जाड आहेत, घासून घ्या. तपासनिसाने ते घासले, पण हात राखून, कारण ब्रेकची जाडी कमी करणं त्याच्या जिवावर येत होतं. परिणामी ते ड्रममध्ये शिरेनात. शेवटी त्याने लाकडी हातोडा घेतला आणि संध्याकाळपर्यंत ठोकून ठोकून ते आत बसवले.

रोज तो वडिलांच्या उशाशी बसून कामाचा अहवाल द्यायचा. केबल झाली, बाबा. ड्रम साफ झाला, बाबा. आणि रोज वडिलांची ती मूठ अधिकच जोरात हलायची. घशातून घरघर यायची आणि डोळ्यांच्या कडा ओल्या व्हायच्या. "अजून कडक हवा म्हणतात," असं पुटपुटत तो पुन्हा शेडमध्ये जायचा. वडील दिवसेंदिवस खंगत होते. मूठ वळवायलाही आता त्यांना दम लागत होता आणि ते पाहून बायको पदराने डोळे पुसत होती. घरात कुणी हसत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात ब्रेक तयार झाला. तपासनिसाने दांडी ओढली आणि गाडीला धक्का दिला. चाक जागचं हललं नाही. त्याने आणखी जोर लावला, तरी नाही. त्याने वहीत बरोबरची खूण केली. आता गाडी वडिलांच्या खिडकीखाली नेऊन दाखवायची, म्हणून त्याने दांडी सोडून पुन्हा धक्का दिला. चाक तरीही हललं नाही.

मग वडिलांचा जुना दोस्त, म्हातारा मिस्त्री, याला बोलावणं गेलं. मिस्त्री काठी टेकत आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "पोरा, तुझं चाक फिरत नाही."

"फिरेल कसं, काका? ब्रेक आहे."

"पण तो तू आत्ता लावलेला नाहीस."

तपासनीस विचारात पडला. सोडल्यावर काय होतं, हा रकाना त्याच्या तपासणीत कधी नव्हताच.

मिस्त्री दोस्ताला बघायला आत गेला. त्याला पाहताच वडिलांचा हात उठला आणि हवेत मूठ हलू लागली. तपासनीस दुभाष्यासारखा पुढे सरसावला आणि त्याने सांगितलं की बाबा तीन आठवडे हेच मागताहेत, ब्रेक. मिस्त्री त्या मुठीकडे बघत राहिला. आधी त्याला हसू फुटलं, मग त्याने तोंडावरून हात फिरवला.

"अरे, ब्रेक चार बोटांनी ओढतात. असा," तो म्हणाला. "त्याची बोटं बघू नकोस, मनगट बघ. वळतंय ना? रेस देतोय तो. गाडी चालू कर म्हणतोय रे. आवाज ऐकायचाय त्याला."

तपासनिसाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तीन आठवड्यांत त्याने इंजिनाला एक किकसुद्धा मारली नव्हती. बाप रोज चल म्हणत होता, आणि हा रोज त्याला जास्तच थांबवून ठेवत होता. हातात दिवस किती उरले होते, हे माहीत असून!

इंजिनाचं काम मिस्त्रीने दोन तासांत उरकलं. पुढचं चाक काही फिरणार नव्हतं. म्हणून त्याखाली गोणपाट घातलं आणि फिरणाऱ्या मागच्या चाकाच्या बाजूने गाडी ओढत अंगणातून खिडकीखाली आणली. अर्थातच शेपूट आधी आलं, आणि शेपटाबरोबर धुराचं नळकांडं. घाईत ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

सातव्या किकला गाडी खोकली, आठव्याला फुटफुटली. मिस्त्री खाली वाकून स्क्रू पिळत बसला आणि तपासनिसाने उजवी मूठ हातात घेऊन खिडकीतून बापाकडे नजर लावली. वडिलांचं मनगट वळलं. त्याने थोडी रेस दिली. ते आणखी वळलं, त्याने आणखी दिली. आवाज वाढत गेला, खिडकीच्या काचा थरथरल्या, आणि वडिलांच्या वाकड्या तोंडाचा चांगला कोपरा वर गेला. तपासनिसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. चाळीस वर्षांत ते दोघे पहिल्यांदा एकाच वेगाने जात होते.

इतक्यात वडिलांच्या हाताची तऱ्हा बदलली. मनगट थांबलं. चार बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली, भराभर. पण तपासनीस आता शहाणा झाला होता. पुन्हा घोटाळा नको, म्हणून त्याने मूठ शेवटपर्यंत पिळली आणि तशीच धरून ठेवली. गाडी गरजली. काळा धूर लोटच्या लोट खिडकीतून आत गेला, आणि त्या धुरातून बायकोची हाक आली, "अहो, बंद करा! आता ते ब्रेकच मारताहेत!"

वडील त्यानंतर अकरा दिवसांनी गेले, झोपेत, दुसऱ्या झटक्याने. धुराचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, हे तपासनिसाने डॉक्टरांना तीनदा विचारून घेतलं. त्या दुपारी मात्र तो धावत आत गेला तेव्हा बायको दारं-खिडक्या उघडत होती आणि वडील खोकून खोकून लाल झाले होते. तो उशाशी वाकला. "बाबा, चुकलो," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. वडिलांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग उजवा हात हळूहळू वर उठवला, पाची बोटं पसरली आणि त्याच्या गालावर एक चापट दिली. बापाचा हात काय म्हणतोय, हे त्या दिवसांत पहिल्यांदाच कुणाला विचारावं लागलं नाही.